हातभर फट

आधीच सांगते, सरकारवर माझा राग नव्हता. पुरात घर गेलं तेव्हा केंद्र सरकारने राहायला पत्र्याचे डबे आणून ठेवले, त्यातला एक आम्हाला मिळाला. माझं शिलाई मशीन मावलं, सासऱ्यांची चाकाची खुर्ची मावली, तक्रार कसली करायची? डब्याचा उंबरठा जमिनीपासून कमरेइतका उंच, पण दाराला लोखंडी उतार होता. त्यावरून मी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, खाली आणायची आणि डायलिसिसच्या व्हॅनमध्ये बसवायची. एक दिवसाआड.

मग वर कुणाच्या तरी डोक्यात आलं की आपत्तीतली तात्पुरती घरं सांभाळणं हे काही केंद्राचं काम नाही, राज्याने बघावं. राज्य म्हणालं, बघतो की, आधी डबे आमच्या ताब्यात द्या. ताबा कधी देणार ते कुणालाच ठाऊक नाही. तेवढ्यात केंद्राचा ठेकेदार येऊन लोखंडी उतार उचलून घेऊन गेला, आमचा माल म्हणून. आम्ही आरडाओरडा केला तेव्हा राज्याने सिमेंटचा उतार बांधून दिला. चांगला मजबूत. फक्त दाराच्या हातभर अलीकडे थांबवला.

"अहो, हे काय?" मी गवंड्याला विचारलं.

"ताई, डबा अजून केंद्राचा. त्याला आमचं सिमेंट लागता कामा नये, असं सांगितलंय."

माझं डोकंच सणकलं. धडधाकट माणूस ती फट सहज ओलांडतो, पण खुर्चीची पुढची चाकं तिच्यात अडकतात. मग शेजारचे चौघे बाबांना उचलून न्यायला लागले. एकदा उचलताना त्यांचा पायजमा घसरला, सगळ्या वस्तीसमोर. जन्मभर बस चालवलेला माणूस, कधी कुणाचं ऐकून घेतलं नाही. घरात आल्यावर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सूनबाई, आता मला उचलायचं ते एकदाच." पुढची खेप त्यांनी चुकवली. धाप लागून शब्द फुटेना, तरी मान हलवून नाहीच म्हणत होते.

मग काय करणार? कापड बेतायची माझी जाड फळी घेतली, एक टोक डब्याच्या उंबरठ्याला स्क्रूने पक्कं केलं, दुसरं सिमेंटवर टेकवलं. खुर्ची फट ओलांडून गेली, बाबा व्हॅनमध्ये बसले. मी आता खाली बसून कापड बेतते. कंबरेचा भुगा होतो, होऊ दे.

आज सकाळी दोन्हीकडचे साहेब एकत्र पाहणीला आले. इतके दिवस एकमेकांकडे बोटं दाखवत होते, फळी बघितली आणि त्यांचं चुटकीसरशी एकमत झालं.

"आमच्या उंबरठ्याला भोकं पाडलीत तुम्ही," केंद्राचा साहेब म्हणाला.

"आणि आमच्या उतारावर हा अडथळा," राज्याचा म्हणाला. "काढून टाका."

"मग यांनी जायचं कुठून?" मी विचारलं.

"ते आता राज्याचं काम."

"ताबा मिळाला की बघूच आम्ही."

त्यांच्याबरोबरचा फिटर पेचकस घेऊन पुढे झाला. तो बिचारा हुकमाचा ताबेदार, त्याच्यावर काय चिडायचं? समोर डायलिसिसची व्हॅन येऊन उभी राहिली होती. मी आत गेले, बाबांची खुर्ची ढकलत आणली, बरोब्बर फळीवर उभी केली आणि ब्रेक लावला.

"काढा आता," म्हटलं. "तुमच्या हाताने काढा."

दोघे एकमेकांकडे बघायला लागले. कुणाला तरी फोन लावला, तिकडून कुणी उचलेना. व्हॅनवाल्याने हॉर्न दिला. राज्याचा साहेब एकदम मऊ आवाजात म्हणाला, "आजोबा, तुम्ही जाऊन या. तुम्ही गेल्यावरच काढू आम्ही फळी."

जायला तर हवंच होतं.

बाबा म्हणाले, "आज गेलो आणि माघारी फळी गेली, तर परवा कुठून जाऊ? मी इथेच बसतो. तुमचं काय ते ठरवा." मग मान वळवून मला विचारलं, "ब्रेक नीट लावलायस ना?"

त्यांचे पाय सुजून चपलेबाहेर आले होते. मी खाली वाकले आणि ब्रेक आणखी घट्ट दाबला.