खिडकीत कोंबलेला अभिप्रायांचा खंड

मी अभिप्रायांचा खंड बोलतोय, सन १९३० ते १९३२. माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरांत तसं लिहिलेलं होतं. आता सोनं उडालंय आणि कणा वाकलाय. वाकणारच, कारण बावीस वर्षं मी एका खिडकीचं ओझं डोक्यावर घेऊन पडलो होतो.

अमेरिकेतल्या एका राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलची ही कचेरी जुन्या दगडी इमारतीत आहे. इथल्या वाफेच्या हीटरला दोनच गोष्टी जमतात, बंद पडणं किंवा माणसाला भाजून काढणं. त्यामुळे बाहेर बर्फ पडत असतानाही ही माणसं खिडकी चार बोटं उघडी ठेवतात. इथल्या खिडक्या वर सरकवून उघडतात आणि आतल्या दोरीवर तोलून राहतात. एकदा ती दोरीच तुटली. दुरुस्तीचा अर्ज करायचा सोडून कुणीतरी कपाटातून हाताला येईल तो खंड काढला आणि फटीत कोंबला. तो मी. या मजल्यावर चौदा वकील बसतात, पण एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझा जन्म राज्याच्या तुरुंगातल्या बांधणीखान्यात झाला. या कचेरीनं ज्यांची अपिलं वरच्या कोर्टात हाणून पाडली, त्याच कैद्यांनी तिचे शब्द शिवले. आणि इतके नेटके शिवले, की माझं एकही पान अजून सुटलेलं नाही.

माझ्या पोटात काय आहे ते सांगतो. अ‍ॅटर्नी जनरल म्हणजे राज्याचा वकील. लोक त्याला मतं देऊन निवडतात. तो कोर्टात राज्याची बाजू लढवतो, आणि सरकारी माणसाला कायद्याची शंका आली की तिला लेखी उत्तर देतो. ते उत्तर म्हणजे अभिप्राय. कोर्टानं मोडेपर्यंत तो चालतो, मग त्याला किती का वर्षं होईनात. तुरुंगातल्या कोंबड्यांची अंडी शेरीफनं विकावी का, बंद पडलेल्या शाळेचा पियानो कुणाचा, असल्या शंकांनाही माझ्या काळच्या अ‍ॅटर्नी जनरलनी, अमोस रेडिंगसाहेबांनी, गंभीरपणे उत्तरं दिली. पुढे कामं वाढली. फसवणाऱ्या दुकानदारांच्या तक्रारी आल्या, धर्मादाय संस्थांवर नजर ठेवणं आलं. लोकांना वाटू लागलं, हा आपलाच वकील. पुढच्या टेबलावरची व्हर्ला एकतीस वर्षं रोज सांगते, "आम्ही राज्याचे वकील, तुमचे नाही." ऐकून माझेच कान किटले.

मग सगळे जुने खंड कम्प्युटरात घालायचं ठरलं. कंत्राटदाराची माणसं आली, कपाट रिकामं करून घेऊन गेली, पानांचे फोटो काढून परत लावून गेली. खिडकीकडे कुणी पाहिलं नाही. यादीत लिहिलं, "सर्व खंड पूर्ण." मी तिथेच, त्यांच्या डोळ्यांसमोर, थंडीनं काकडत होतो.

गेल्या जानेवारीत मर्ना लिंडहोम आली. सत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली बाई. तिची आजी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, गरिबांच्या शेतीवर वारली होती. निराधार माणसं तिथे राबून खायची आणि तिथेच पुरली जायची. दगडावर नाव नाही, नुसता आकडा, एकेचाळीस. आता काउंटीला ती जमीन धान्याच्या गोदामासाठी विकायची होती. आकड्यांचे दगड म्हणजे काही दफनभूमी नव्हे, असं तिथल्या पंचांचं म्हणणं. गोठलेली जमीन मोकळी झाली की एप्रिलात तिथे बुलडोझर फिरणार होता.

व्हर्लानं तिला नेहमीचं वाक्य ऐकवलं. नागरिकाला अभिप्राय मिळत नाही, सरकारी माणसानंच विचारावं लागतं. मर्नानं लिंबाच्या वड्यांचा डबा पुढे केला, तर भेट घेणंही नियमात बसत नाही म्हणे. बाईनं तिथेच उभ्या उभ्या एक वडी स्वतः खाल्ली आणि गेली. तीन आठवड्यांत आपल्या आमदाराचं पत्र घेऊन परत आली.

ते पत्र कीथ ओबरमायर या वकिलाकडे गेलं. माणूस वाईट नाही, पण कम्प्युटरात जे नाही ते जगातच नाही, अशी त्याची पक्की समजूत. त्यानं चार शब्द टाकून शोधलं, काही सापडलं नाही, आणि मसुदा लिहिला: या विषयावर पूर्वीचा अभिप्राय नाही, कायदा संदिग्ध आहे, काउंटीनं योग्य तो निर्णय घ्यावा. माझ्यापासून सहा फुटांवर बसून लिहिला! दोनशे बाराव्या पानावर अख्खं उत्तर घेऊन मी जीव तोडून ओरडत होतो. पण पुस्तकाचं ओरडणं ऐकतो कोण?

मसुद्यावर सही होणार त्या दिवशी मर्ना सकाळपासून माझ्या खिडकीखालच्या बाकावर बसली होती. तिच्या मानेला वारा झोंबत होता. शेवटी ती उठली, एका हातानं खिडकी उचलून धरली, दुसऱ्यानं मला ओढून काढलं आणि खिडकी खाली सोडली. बावीस वर्षांत मला असं धरणारी पहिली व्यक्ती. वेळ जात नव्हता म्हणून तिनं मला मांडीवर घेतलं, चष्मा चढवला आणि मागची सूची चाळू लागली. 'गरिबांची शेती, तेथील दफन' या ओळीवर तिचं बोट थांबलं.

दोनशे बारावं पान तिनं दोनदा वाचलं. मग मला छातीशी धरून ती थेट ओबरमायरच्या टेबलाशी गेली.

"बाळा, हे वाच. मोठ्यानं वाच."

त्यानं वाचलं. रेडिंगसाहेबांनी लिहिलं होतं: 'काउंटीनं जिथे माणूस पुरला, ती दफनभूमी. दगडावर नाव आहे की आकडा, याचा कायद्याशी संबंध नाही. ती विकता येणार नाही.'

ओबरमायरचे कान लाल झाले. "पण हे कम्प्युटरात नाही," तो पुटपुटला.

"कीथ," व्हर्ला शांतपणे म्हणाली, "ते कम्प्युटरात नाही, कारण ते खिडकीत होतं."

मसुदा फाडला गेला. नवा अभिप्राय माझ्या पानाचा हवाला देऊन निघाला आणि विक्री थांबली. मे महिन्यात मर्ना एक फोटो घेऊन आली. एकेचाळीस नंबरच्या दगडाशेजारी नवा दगड होता, त्यावर नाव: हिल्मा लिंडहोम. तो फोटो मात्र व्हर्लानं ठेवून घेतला. ही भेट नव्हे, कागदपत्र आहे, असं म्हणाली. तो माझ्या दोनशे बाराव्या पानात आहे. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आता मी कपाटात आहे, माझ्या जागेवर. माझे फोटोही काढून झालेत. पण थंडी पुन्हा आली, हीटर पुन्हा पेटला, आणि खिडकीच्या दुरुस्तीचा अर्ज अजूनही कुणी केलेला नाही. माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. माझा धाकटा भाऊ, सन १९३२ ते १९३४, सध्या खिडकीत आहे.

त्याची पानं कम्प्युटरात आहेत म्हणे. यादीत तसं लिहिलंय, पण त्या यादीत मीही होतोच. बाबांनो, हात जोडतो, एकदा खिडकीपाशी जाऊन बघा.