ओळंब्यातला गुलाब

गवंडीकाकांनी उभ्या आयुष्यात वाकडी भिंत बांधली नाही. दुसऱ्याने बांधलेली दिसली तरी त्यांना घास गोड लागत नसे. त्यामुळे काकूंनी खिडकीखाली गुलाबाचा वेल लावला, तेव्हा काकांनी तोही वरून ओळंब्याची दोरी सोडूनच भिंतीवर चढवला. एकेक फांदी सुतळीने बांधून सरळसोट वर.

“अहो, आडव्या बांधा,” काकू म्हणाल्या. “फांदी उभी गेली की फुलं शेंड्यालाच येतात.”

“झाड उभंच असतं,” काका म्हणाले आणि विषय संपवला.

पुढे काकूंचं खुब्याचं हाड मोडलं. पलंग खिडकीशी आणला. वेलाला फुलं आली, आणि तीही ढिगानं. सगळी वरच्या मजल्यावर, थोरल्या जाऊबाईंच्या खिडकीत. पाण्याच्या टाकीवरून दोघी जावांचं बोलणं बंद होतं, तरी जाऊबाई रोज खाली ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायच्या, “अगं बाई, किती ही फुलं!”

काकूंच्या खिडकीत काटे होते. अगदी एका रेषेत.

एका सकाळी काकांनी काकूंना भिंतीकडे तोंड करून रडताना पाहिलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. बहर ओसरल्यावर त्यांनी सुतळ्या सोडायला घेतल्या. पण वरच्या गाठींना शिडी पुरेना. ते अंगणात टोपी काढून उभे राहिले.

“वहिनी, तेवढ्या वरच्या गाठी सोडता का? फांद्या खाली आडव्या बांधायच्यात.”

“मग माझी फुलं जातील की, भावोजी.”

“जातील.”

वर कात्री वाजली आणि वेल काकांच्या टकलावर आला.

रक्त पुसून त्यांनी फांद्या हळूहळू वाकवल्या आणि खिडकीभोवती आडव्या बांधल्या. त्या वेड्यावाकड्या दिसत होत्या. काका आठवडाभर मागच्या दारानं ये-जा करत होते.

पुढच्या बहराला काकूंची खिडकी फुलांनी भरून गेली. फांदीच्या पेरापेराला कळी. काकू कुणी आलं की आधी पडदा सरकवायला लावायच्या.

एक दिवस दारात जाऊबाई उभ्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, “वर एकसुद्धा आलं नाही गं.”

काकूंनी दुखरा पाय जपत पलंगावर जागा केली.

“मग इथं बसा ना, ताई. इथून छान दिसतात.”