शू सिस्टरचा आवाज

"काकू, सोफे शेजारच्या दुकानात मिळतात. इथे आज गाणं आहे."

फर्निचरच्या गोदामाच्या दारात उभा असलेला माणूस कपाटाएवढा होता. मानेवर नाग गोंदलेला, पण बोलणं अगदी गोड.

"मला गाणंच ऐकायचंय," सिस्टर म्हणाल्या आणि जांभई दाबत आत शिरल्या.

रात्रपाळी उरकून त्या तशाच आल्या होत्या. दुपार झाली तरी डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्यामुळे सगळं जग जरा पाण्याखाली गेल्यासारखं दिसत होतं. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे बारीक दोरे खाली सोडलेले. त्यांतून लाकडाचा भुसा सोन्यासारखा तरंगत होता. काळ्या कपड्यांतली पोरं त्या उजेडात माशांसारखी हळूहळू फिरत होती.

प्रसूतिगृहात सगळे त्यांना 'शू सिस्टर' म्हणत. कळा देणारी बाई ओरडायला लागली की यांचं बोट ओठांवर. "शू! ओरडण्यात ताकद जाते. ती खाली लावा." अख्ख्या वॉर्डात त्यांच्या पाळीला टाचणी पडली तरी ऐकू येई. स्वतःच्या बाळंतपणात त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. नवरा गेला त्या दिवशी तर आलेल्या माणसांसाठी खुर्च्याही त्यांनीच मांडल्या. सगळे म्हणाले, बाई खंबीर आहे हो!

आणि अशा बाईच्या पोटी चिमणी जन्माला आली. दिसायला खरंच चिमणीएवढी, आणि 'गंज' नावाच्या बँडमध्ये गायची. गायची कसली, किंचाळायची!

"घसा फाटेल एक दिवस. बंद कर ते," सिस्टर रोज म्हणत.

"तू एकदा तरी ऐकलंयस का?"

"भिंतीपलीकडून रोज ऐकते की."

"भिंतीपलीकडून नाही, समोर उभी राहून! एकदा ये. त्यानंतरही बंद कर म्हणालीस ना, तर आईशप्पथ बंद करते."

पोरगी शब्दाची पक्की. म्हणून तर सिस्टर ठरवूनच आल्या होत्या. ऐकायचं, नाही म्हणायचं, घरी जाऊन झोपायचं.

त्यांनी पर्समधून ड्रेसिंगचा कापूस काढला, दोन बोळे केले आणि कानात घातले. शेजारी येऊन उभा राहिलेला नागवाला आशेने बघायला लागला.

"हवाय?"

"द्या ना काकू. मी दर वेळी विसरतो."

तेवढ्यात ड्रम वाजला, आणि कापसाचा काही उपयोग झाला नाही. आवाज कानातून आलाच नाही मुळी. तो तळपायांतून चढला, गुडघ्यांतून बरगड्यांत गेला. सिस्टरांनी लोखंडी खांबाला हात टेकला, तर खांबही थरथरत होता, एखाद्या तापलेल्या जनावराच्या पाठीसारखा. समोर पोरं एकमेकांवर धडकत होती. एक धाडकन पडला, तसे सगळे थांबले. त्याला काखेत हात घालून उभा केला, भुसा झटकला आणि पुन्हा धडका सुरू. उचलायची पद्धत बरोबर आहे, सिस्टरांच्या मनात आलं.

मग त्यांनी चिमणीकडे पाहिलं.

डोळे घट्ट मिटलेले. कपाळावर घाम, केस चिकटलेले, मानेची शीर टरारलेली. दोन्ही मुठी माईकवर आवळून ती कमरेत वाकली होती. हा चेहरा सिस्टर रोज बघत. बाळाचं डोकं दिसायला लागतं ना, तेव्हाचा चेहरा! पापण्या जड झाल्या होत्या, आणि सिस्टरांना क्षणभर खरंच कळेना की आपण गोदामात आहोत की वॉर्डात.

आणि नेमकी तेव्हाच सगळी वाद्यं एका फटक्यात थांबली. गाण्यातच होतं ते, पुढच्या दणक्याआधीची शांतता. अख्खं गोदाम श्वास धरून उभं.

"हं, आता जोर लाव!" त्या शांततेत सिस्टरांचा वॉर्डातला आवाज खणखणीत घुमला. "शाब्बास! थांबू नकोस! लाव जोर!"

चिमणीने डोळे उघडले. सगळ्या माना वळल्या. ड्रमवाला फिस्सकन हसला आणि त्याने काठ्या अशा काही आदळल्या की पत्रे खडखडले.

"जोर लाव!" नागवाला गरजला. "जोर लाव! जोर लाव!" मागून सगळं गोदाम.

त्या कल्लोळात आणखी एक आवाज होता. जाडा, खरबरीत, जुन्या दारासारखा. कोण ओरडतंय म्हणून सिस्टरांनी आजूबाजूला पाहिलं, आणि आपलंच तोंड उघडं आहे हे त्यांच्या लक्षात आलं. मिटावंसं वाटेना. दोन वर्षांपूर्वी, नवरा गेला त्या दिवशी मांडलेल्या सगळ्या खुर्च्या एकेक करून कोसळत होत्या, आणि सिस्टर त्यांना कोसळू देत होत्या.

बाहेर उन्हात चिमणी धापा टाकत आली. "मग? सांग आता. बंद करू?"

सिस्टरांनी तोंड उघडलं. आतून नुसता वारा आला.

"आई! तुझाच आवाज बसला!" चिमणी पोट धरून हसायला लागली, पण हसता हसता तिचे ओठ थरथरले. "खरं सांग ना. करू का बंद?"

सिस्टरांनी पर्समधून छोटा टॉर्च काढला आणि खूण केली, आ कर. पोरीने मुकाट्याने आ केला. त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. घसा स्वच्छ होता, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखा गुलाबी. टॉर्च विझवून त्यांनी हळूच मान हलवली. नको.

संध्याकाळी पुन्हा ड्यूटी. कोपऱ्यातल्या पलंगावर एक कोवळी पोर ओठ चावत पडली होती. दारातून तिची सासू बजावत होती, "आवाज करायचा नाही हं. शू सिस्टर आल्यात."

सिस्टरांनी दार लोटून घेतलं. त्या पलंगाशी आल्या, पोरीच्या हनुवटीला बोट लावलं आणि तिच्यासमोर स्वतःचं तोंड मोठ्ठं उघडून दाखवलं. पोर गोंधळून बघत राहिली. मग पुढची कळ आली.

आयाबाई धावत आत आली. "सिस्टर, ही ओरडतेय! आणि तुम्ही चक्क..."

सिस्टरांचा आवाज अजून बसलेलाच होता. बोलणार कशा? त्यांनी पोरीच्या थरथरत्या पाठीवर तळहात टेकला आणि डोळे मिटले.