दोरीच्या अलीकडे

“बाहेर या गं पोरींनो! बोटांच्या मनुका झाल्या असतील!”

आईचा हा आवाज धाकटीला अजून ऐकू येतो. पडदे शिवताना मशीन थांबलं की, नळ बंद केला की. आई पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडायची. शाळा सुटली की दोघी बहिणी तिथंच, आणि तिथं म्हणजे पाण्यातच. त्यांचा एक खेळ होता. एकीनं पाण्याखाली तोंड मिटून गाणं गुणगुणायचं, दुसरीनं डोकं बुडवून ते ओळखायचं. काठावरच्याला काही म्हणजे काही पत्ता लागत नसे. तिकिटं फाडता फाडता आईनं त्यावर दोन ओळी जुळवल्या होत्या, तिच्याच चालीत:

पाण्याखाली बोलू बाई, वर नको कोणा कळू,
तुझ्या कानी माझं गाणं, हळू बाई, हळू हळू.

मग एका शिक्षकांच्या नजरेत थोरलीचा हात भरला. पाणी कापत जाणारा हात. तलावाच्या मधोमध दोरी बांधलेली असायची, पलीकडे स्पर्धेचा सराव चालायचा. थोरली दोरीपलीकडे गेली. शिट्टी, घड्याळ, पदकं, सगळं तिकडेच गेलं. धाकटी अलीकडे उताणी तरंगत राहिली, कान पाण्यात बुडवून. ऐकायला काहीच नव्हतं.

थोरली आता चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. केस निम्मे पिकले, स्पर्धा संपून जमाना झाला, पण पाण्यात उतरताना मनगटावर घड्याळ हवंच. गेल्या रविवारपेक्षा वेळ कमी की जास्त, यावर घरातला दिवस गोड की कडू ते ठरायचं. तिचा नवरा म्हणायचा, “आज बाईसाहेब हरल्यात. कुणाशी ते विचारू नका, स्वतःशीच!”

धाकटीही रविवारी यायची. कितीदा वाटायचं, हाक मारावी. पण थोरली शेजारून सपकन निघून जायची आणि हाक घशातच विरघळायची.

या हिवाळ्यात थोरलीचा खांदा दुखावला. डॉक्टरांनी सांगितलं, पोहा, पण मजेत.

“मजेत पोहायचं म्हणजे काय गं?” थोरली फोनवर तणतणली. “म्हशीसारखं डुंबायचं?”

“म्हशीचा खांदा दुखल्याचं कधी ऐकलंयस?”

“तू शहाणपणा शिकवू नकोस. वेळच मोजायची नाही तर पाण्यात जायचं कशाला?”

तिनं येणं सोडलं. दोरीपलीकडे आता दुसरंच कुणी हात मारत असे. धाकटीला वाटलं, शेजारून निघून जाणारी का होईना, पण होती.

शेवटी एका रविवारी ती थोरलीच्या दारात उभी राहिली. “पोहू नकोस. काठावर बस, माझा टॉवेल धर.”

“टॉवेल धरायला खुंटी नाही का तिथं?”

“खुंटीला गप्पा मारता येत नाहीत.”

थोरली काठावरच्या बाकावर बसली, मांडीवर टॉवेल. धाकटी आपली निवांत, चार हात मारले की जरा तरंगायचं. काठाला आली तर वरून आवाज, “या खेपेला जास्त वेळ लागला तुला.”

धाकटीनं मान वर केली. थोरलीचा अंगठा घड्याळाच्या बटणावर.

“अगं ताई! मी तरंगत होते. तरंगण्याची वेळ मोजतेस?”

थोरली ओशाळली. “हाताला सवय आहे.”

धाकटी हसली, आणि हसता हसताच तिनं डोकं पाण्यात घातलं. तोंड मिटून गुणगुणली. वर बुडबुडेच तेवढे आले. वर आली तर थोरली बाकावरून वाकून, टॉवेल खाली पडलेला.

“काय म्हणालीस?”

“ओळख.”

“इथून कसं ओळखणार?”

“मग?”

“खांदा दुखतोय माझा.”

“कानानं ऐकायचंय, खांद्यानं नाही. पायऱ्या आहेत तिकडे. आलीस तर आलीस.”

आणि ती पुन्हा बुडाली. पाण्याखाली डोळे उघडून बघत राहिली. निळ्या फरश्या, हलणारं ऊन, रिकाम्या पायऱ्या. श्वास संपत आला. वर येऊन दम घेतला, कुणाकडे न बघता पुन्हा खाली गेली आणि तीच चाल लावली.

पायरीवर एक पाऊल उतरलं. मग दुसरं. सलवार पाण्यात फुग्यासारखी फुगली. थोरली अलीकडे, उथळ पाण्यात उभी राहिली, वाकली, आणि तिनं डोकं बुडवलं. घड्याळ वर, बाकावर राहिलं होतं.

दोघी एकदमच वर आल्या. थोरलीच्या केसांतून पाणी निथळत होतं, नाकाचा शेंडा लाल झाला होता.

“आईच्या ओळी,” ती म्हणाली. बोटं उगाच पाण्यात फिरवत राहिली.

“हाक का नाही मारलीस गं कधी?”

“तुझी वेळ बिघडली असती, ताई.”

“बिघडू द्यायची होतीस,” थोरली म्हणाली. “प्रत्येक फेरीला दोरीशी आले की वाटायचं, आता हाक मारशील.”