पाचवी दोरी

वोब्बेच्या तोंडात शेण गेलं होतं आणि थुंकायची सोय नव्हती. जरा वळला असता तर हातात धरलेलं ब्लेस्केचं डोकं निसटून लगद्यात बुडालं असतं. गोठ्याची घाण जिथं सुटते त्या चरात ब्लेस्के, त्याची गाभण गाय, मानेपर्यंत रुतलेली आणि शेजारी हा, बगलेपर्यंत. खाली बोटाला काहीतरी गिळगिळीत लागलं. काय ते बघायची त्याला बिलकूल हौस नव्हती.

पण खरी किळस वर काठावर उभी होती. तामिंगा मास्तर. बूट चकाचक, नाकाला रुमाल.

झाडाला एक दोन चाकांची दुहेरी कप्पी, गाईच्या अंगाला बांधलेल्या पट्ट्याला तशीच दुसरी, मधून दोर, हे सगळं मास्तरनंच ओवलेलं. मग बोटं नाचवून मोजलं, "पाच दोऱ्या! म्हणजे बळ पाचपट. गाय सहाशे किलो, भागिले पाच, एकशेवीस. दोघं बास! बाकीचे जा दूध काढायला."

दुधाची वेळ म्हटल्यावर शेजारी थांबतात होय? चौघंही पळाले. उरले वोब्बेचा भाऊ फेड्डे आणि बायको इत्स्ये.

दोघं दोराला लटकले. दोर झाडाच्या कप्पीवरून उलटा चराकडं येत होता, त्यामुळं ओढता ओढता तेच घसरत खाली येत होते. गाय तसूभर हलेना.

"गाय वर यायचीय की आम्ही खाली जायचंय?" इत्स्ये किंचाळली.

"गणित बरोबर आहे," मास्तर म्हणाला. "चिखल चुकतोय."

ब्लेस्केचा श्वास घरघरायला लागला. वोब्बेचं डोकं फिरलं. त्याचा बाप रेतीच्या होडीवर जन्मभर कप्प्यांवरून शिडाचे दोर ओढत मेला होता.

"मास्तर, गाईला ओढतात तेवढ्याच दोऱ्या मोजा हो! चारच आहेत! पाचवी फेड्डेच्या हातातली, ती झाडाला ओढतीय. झाड काढायचंय का आपल्याला? फेड्डे, कप्प्यांची अदलाबदल कर! झाडाची इकडं टाक, ही तिकडं घे. मग हातातली दोरीपण गाईलाच ओढंल."

"कप्पीचा हुक पट्ट्याला लावायला तुला दोन्ही हात लागतील ना?" फेड्डे म्हणाला.

"लागतीलच. मास्तर, उतरा. डोकं धरा हिचं."

"मी? ह्यात?"

"नाही, वहीत."

मास्तर मागं सरकला. मागं इत्स्ये होती. तिनं काही केलं नाही म्हणते ती, पण मास्तर पोटावर पडला आणि थेट गाईच्या गळ्यात.

फेड्डेनं कप्प्या बदलल्या, वोब्बेनं चाचपत हुक अडकवला. "ओढा!"

आता दोघांची पाठ झाडाकडं, टाचा रोवलेल्या. दोर करकरला. लगद्यानं एक घाणेरडा, लांबलचक मुका घेतल्यासारखा आवाज काढला आणि ब्लेस्के गुडघे घासत वर सरकली. तिची शेपटी धरून वोब्बेही निघाला.

इत्स्येनं गाईच्या घाणेरड्या पोटाला हात लावला, मग गालच लावला. "लाथ मारतंय गं बाई! जिवंत आहे!"

चरात छातीपर्यंत रुतलेला मास्तर चष्मा पुसत दोऱ्या मोजत होता.

"तीन... चार... पाच. बघा! पाचच म्हणालो होतो ना मी?"

वोब्बेनं त्याच्याकडं एकदा नीट बघितलं. मग दोर गुंडाळून खांद्यावर टाकला.

"बरोबर, मास्तर. आता तुमचं वजन घ्या, भागिले पाच करून ठेवा. दूध काढून आलोच आम्ही."