लिफ्ट बंद आहे

लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद झाली तेव्हा अख्ख्या इमारतीत भौतिकशास्त्राचे सर एकटेच खूश होते. लिफ्ट नाही म्हणजे विभागप्रमुख तीन जिने चढून डोकं खायला येणार नाहीत! अहो, आपला घात कुठून होणार हे माणसाला आधी कळलं असतं तर काय हवं होतं.

सरांची सगळी नोकरी एका तारेला लटकून गेली. बारीक तार, तिला टांगलेला आडवा दांडा, भोवती काचेची पेटी. या दांड्याला दिवसा हलकीशी ओढ बसते, संध्याकाळी ती ओसरते, हे सरांनी तरुणपणी पाहिलं आणि तिचं नातं थेट सूर्याशी जोडलं. लोक हसले. सर हटले नाहीत. मग त्यांची विद्यार्थिनी दुसऱ्या देशात प्राध्यापक झाली, तिलाही तिथल्या प्रयोगशाळेत तीच ओढ मिळाली आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. ओढीला सरांचं आडनाव लागलं. आता निवृत्ती तोंडावर आली तरी सर निर्धास्त होते. मागे काहीतरी राहणार होतं.

आणि आता दांडा हलेना.

सरांनी तार पाहिली, पेटी पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सगळं ठाकठीक. बाहेर ऊन रणरणतंय आणि दांडा आपला ढिम्म! वैतागून ते व्हरांड्यात आले. लिफ्टचं दार दुरुस्तीसाठी उघडं होतं. आत, त्यांच्या प्रयोगशाळेच्या भिंतीला चिकटून, लोखंडाचं भलंमोठं वजन लटकत होतं. लिफ्ट वर गेली की हे खाली, लिफ्ट खाली आली की हे वर. दिवसा वर्दळ, संध्याकाळी शुकशुकाट. दांड्याला ओढत होतं ते हे वजन; कसला सूर्य नि कसलं काय!

आत येऊन सरांनी विद्यार्थिनीला फोन लावला.

"काय गं, तुमच्याकडे लिफ्ट आहे का?"

"लिफ्ट? नाही सर, आमची इमारत बैठी आहे. का हो?"

सरांचा जीव भांड्यात पडला. लिफ्ट नाही, म्हणजे ओढ खरी! त्यांनी हसत हसत सगळी हकिकत सांगितली. "माझा दांडा रुसलाय, पण तुझा हलतोय ना? मग झालं तर!"





"सर, माझा तसा कधी हललाच नाही." तिला रडू फुटलं. "तुम्हाला दिसलं म्हणजे असणारच, माझंच काहीतरी चुकतंय, असं वाटायचं. मग न जुळणारे आकडे चुकीचे धरून काढून टाकत गेले. उरले ते जुळले."

सरांना तिच्यावर ओरडायचं होतं, लबाड म्हणायचं होतं. पण ती लबाड कुठे होती? तिने सरांवर विश्वास ठेवला होता, एवढंच.

"आणि तुझे विद्यार्थी?" त्यांनी विचारलं.

"त्यांनाही ती ओढ मिळते, सर," ती म्हणाली. "सगळ्यांना मिळते."