डेल्मरचा जांभळा दाणा

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. त्या वर्षी कोणीही राष्ट्राध्यक्ष झाला असता, तरी मला नवं झाकणसुद्धा मिळणार नव्हतं. काही मिळायचं होतं ते डेल्मर क्रूस या शेतकऱ्याला. आमच्या अमेरिकेत लोकांनी मतं दिली म्हणजे काम संपत नाही. राज्यात जो पक्ष जिंकतो, त्याची मोजकी निष्ठावंत माणसं डिसेंबरात राजधानीत जमतात आणि राज्याच्या वतीनं राष्ट्राध्यक्षाचं नाव स्वतःच्या हातानं कागदावर लिहितात. चाळीस वर्षं पक्षाची पत्रकं वाटल्यावर, बहात्तराव्या वर्षी, डेल्मरचं नाव त्या मानकऱ्यांच्या यादीत लागलं होतं. त्यानं ऑगस्ट लागताच गडद निळा कोट घेऊन ठेवला होता. पक्ष जिंकणार यात आमच्या आयोवा राज्यात कुणालाच शंका नव्हती. म्हणजे कोट अंगावर चढायला मध्ये फक्त चार महिने होते.

आता माझं थोडं सांगते. कारखान्यात काच ओतताना माझ्या मानेत एक बुडबुडा राहिला. तेवढ्यावरूनच मला माझ्या जुळ्या बहिणीपासून ओळखतात. आम्ही दोघींनी वीस वर्षं एल्डरविल गावच्या चर्चमध्ये काकडीचं लोणचं सांभाळलं. चर्चनं प्लास्टिकचे डबे आणल्यावर पशुखाद्य-बियाण्याच्या दुकानदारानं आम्हाला उचललं. त्यानं आम्हाला गल्ल्याशेजारी मांडलं, प्रत्येकीवर एकेका उमेदवाराचं नाव चिकटवलं आणि मध्ये मक्याच्या दाण्यांचा पत्र्याचा डबा ठेवला. दर चार वर्षांनी, सप्टेंबरपासून मतदानाआधीच्या शनिवारपर्यंत, प्रत्येक गिऱ्हाइकानं एक दाणा टाकायचा. सगळ्यांसमोर टाकायचा. आता त्याची मुलगी वर्ना दुकान चालवते आणि टाकणाऱ्याच्या नावापुढे खूण करते.

आमचा कौल तालुक्यात कधी चुकला नाही. वर्तमानपत्रात आमचे फोटो आले. फोटो छापून झाला, की दाणे वर्नाच्या कोंबड्यांना आणि आम्ही मागच्या फळीवर, गंजक्या खिळ्यांच्या सोबतीला. एकदा तर एका उंदरीनं माझ्यात बाळंतपण उरकलं. कौतुक दोन महिन्यांचं, धूळ चार वर्षांची. असा आमचा धंदा.

पण त्या दोन महिन्यांत जे पाहायला मिळतं, त्यासाठी मी धूळही सोसते. ज्याचं ठरलेलं असतं तो दाणा लांबूनच भिरकावतो. ज्याचं ठरलेलं नसतं तो हवापाण्याच्या गप्पा मारत दाणा बोटांत फिरवत राहतो. आणि नवरा कुठं टाकतो ते पाहून मुद्दाम दुसरीकडे टाकणाऱ्या बायका तर मी बोटांवर मोजल्या असत्या, मला बोटं असती तर.

बहीण डेल्मरच्या पक्षाची, मी समोरच्या. पहिल्या दिवशी पहिला दाणा डेल्मरचा आणि तो बहिणीत, हा रिवाजच होता. माझ्याकडे तो पाहायचासुद्धा नाही. त्या वर्षी मात्र सप्टेंबरात तो आला, गाईंसाठी मिठाची वीट घेतली आणि तसाच निघाला.

“काय रे, दाणा?” वर्नानं विचारलं.

“पुढच्या वेळी. चष्मा गाडीत राहिलाय.”

“चाळीस वर्षं डोळे मिटून टाकत आलास, आता चष्मा हवा होय?”

गोष्ट अशी होती. त्यांच्या पक्षाचा उमेदवार हॉलिस युद्धात जखमी झाल्याचं पदक छातीवर लावून मिरवायचा. ऑगस्टात उघडकीला आलं, की पदक खोटं होतं. तो लढाईच्या जवळपासही नव्हता. डेल्मरचा थोरला भाऊ आर्लो युद्धातून परत आला नाही. त्याचं खरं पदक डेल्मरच्या स्वयंपाकघरात चौकटीत लावलेलं आहे.

मग समोरचा प्रेस्कॉट चांगला म्हणावा, तर त्यानं शेजारच्या राज्याचा गव्हर्नर असताना गावोगावचे लहान दवाखाने बंद केले होते. आणि डेल्मरची बायको लोरीन दर मंगळवारी आमच्या लहानशा दवाखान्यातच रक्त शुद्ध करून घ्यायला जाते. पुढचा दवाखाना सत्तर मैलांवर.

असे ते दोन उमेदवार. एकाची जीभ खोटी, दुसऱ्याची कात्री खरी.

ऑक्टोबरात रोज सकाळी कॉफीला डेल्मर आणि वेंडेल बसायचे. वेंडेल हा पक्षाचा तालुक्यातला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस, डेल्मरचा शाळेपासूनचा मित्र. दोघांची मापं एक, टोप्याही एकाच दुकानातल्या.

“अरे, मी त्याला मत देतोय, मुलगी देत नाहीये,” वेंडेल म्हणाला. “खोटं बोलला, मान्य. पण दवाखाना राखेल ना? दुभत्या गाईच्या लाथा गोड मानायच्या असतात.”

“मला मारू दे की लाथ,” डेल्मर म्हणाला. “आर्लोला कशाला?”

“मग काय, त्या प्रेस्कॉटला देतोस? लोरीनला सांग घरी जाऊन. कढई फेकून मारेल.”

“तिला सांगितलं. ती म्हणाली, माझ्या नावावर काही खपवू नकोस, तुझं तू ठरव.”

यावर वेंडेलनं कॉफीत तिसऱ्यांदा साखर घातली.

मला मोठं कुतूहल लागून राहिलं होतं. माणूस हे तोलतो कसं? माझ्यात दाणे पडतात, ते मोजता येतात. पण एका पारड्यात मेलेला भाऊ आणि दुसऱ्यात जिवंत बायको, हे कुठल्या मापानं मोजायचं? शिवाय वर्ना म्हणाली, तसं तिसरं वजन होतंच.

“आणि तो निळा कोट रे?”

डेल्मरनं कॉफी अर्धी सोडली आणि टोपी चढवली.

शेवटचा शनिवार आला. मोजणी दुपारी तीनला होती. सकाळी वर्ना मागच्या गोदामात पोती लावत असताना डेल्मर हळूच आत आला. पेरणीपासून मळलेलं जाड जाकीट अंगात, चष्म्यावर बाहेरच्या थंडीची वाफ. त्याचा हात दाण्यांच्या डब्याकडे गेला आणि थबकला. त्या डब्याचं झाकण असं करकरतं, की वर्ना गोदामातून धावत आली असती. मग त्यानं स्वतःच्या खिशात बोटं घातली, तळाशी एक दाणा सापडला, आणि तो त्यानं माझ्यात सोडला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण लगेच लक्षात आलं, की नावापुढे खूण झालेली नाही. म्हणजे दुपारी तो सगळ्यांसमोर दुसरा दाणा बहिणीत टाकणार. एक मनाचा, एक मानाचा. हिशेब मिटला, कोट वाचला!

तीनला दुकान भरलं. वेंडेलनं टाळी वाजवली. “या मानकरी, शेवटचा दाणा तुमचा!”

करकर करत डबा उघडला. डेल्मरनं पिवळा दाणा घेतला, हात बहिणीच्या तोंडावर नेला. एवढ्यात वेंडेलची नजर माझ्यावर खिळली.

“हे काय? हा जांभळा दाणा कुणी टाकला?”

मित्रांनो, पेरणीच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून विषारी औषधाचा रंगीत लेप देतात. ज्याची त्याची कंपनी, जिचा तिचा रंग. तालुक्यात जांभळं बियाणं पेरणारा एकच माणूस होता. वसंतातल्या पेरणीचा एक दाणा त्याच्या जाकिटाच्या खिशात राहिला होता, आणि वाफाळलेल्या चष्म्यातून त्याला तो दिसला नव्हता.

सगळ्यांच्या माना डेल्मरकडे वळल्या. सगळ्यात आधी सावरला तो वेंडेल. “कुणीतरी वात्रटपणा केलाय. डेल्मरच्या गाडीतून उचलला असणार, त्याला बदनाम करायला.”

“नाहीतर माझ्याच झाडूनं उडाला असेल,” वर्ना म्हणाली. “काढून टाकते. विषारी असतो तो.”

सुटकेची दोन दारं उघडी होती, दोन्ही रुंद. डेल्मरनं बोटातल्या पिवळ्या दाण्याकडे पाहिलं. मग तो दाणा परत डब्यात टाकला आणि झाकण लावलं. ती करकर मी जन्मात विसरणार नाही.

“राहू दे वर्ना. माझाच आहे,” तो म्हणाला. “माझा एक टाकून झालाय.”

“अरे गाढवा,” वेंडेल हळूच म्हणाला, “हो म्हणायला काय जात होतं तुझं?”

“एकानं खोटं लावून मिरवलं म्हणून दोन महिने चिडलोय मी, वेंडेल. आता मीच लावू?”

वर्नानं त्याच्या नावापुढे खूण केली. बहिणीत दोनशे एकतीस, माझ्यात एकशे एकोणनव्वद. वर्तमानपत्रानं जांभळ्या दाण्याचा फोटो पहिल्या पानावर छापला. मंगळवारी खऱ्या मतदानाला पडद्याआड डेल्मरनं काय केलं, ते मला माहीत नाही. तिथं काच नसते. अजून मी त्याचा विचार करते.

गुरुवारी पक्षाची समिती बसली आणि यादीतून डेल्मरचं नाव कमी करून वेंडेलचं घातलं. वेंडेलकडे धड कोट नव्हता. डिसेंबरात डेल्मर दुकानात आला आणि कागदात गुंडाळलेला निळा कोट त्यानं गल्ल्यावर ठेवला.

“वेंडेल आला की दे. माप एकच आहे. म्हणावं, कॉफी सांडू नकोस.”

वेंडेल आला, कोट घेतला, आणि कॉफी न घेताच गेला. वर्ना म्हणाली, त्याचे डोळे लाल होते. मला मात्र तो पाठमोराच दिसला.

मित्रांनो, आम्हा बरण्यांना तुम्ही धुवा, पुसा, दोन निवडणुकांच्या मध्येही कधी आठवण ठेवा, एवढं तर मी मागेनच. पण माझ्या तळाशी एक जांभळा दाणा दिसेल, तो काढू नका. विषारी म्हणून वर्नानं तो कोंबड्यांसाठी नेला नाही, आणि फेकवलाही नाही तिच्यानं.

आता शेवटची बेरीज. हॉलिस जिंकला, त्याला खोट्या पदकाचा काही भुर्दंड पडला नाही. दवाखाना उघडा राहिला. लोरीन मंगळवारी जाते. चारशे एकोणीस दाणे कोंबड्यांनी खाल्ले. मान वेंडेलला मिळाला. मोल डेल्मरनं दिलं, कोटासकट.